आवाज नेमका कुठे अडला? व्हॉल्व्ह रेडिओसाठी घरी बांधायचा सिग्नल ट्रेसर

माळ्यावरून काढलेला व्हॉल्व्हचा रेडिओ लावला, डायलचा दिवा लागला, व्हॉल्व्ह तापले आणि आवाज मात्र नाही, की सल्ले देणारे लगेच जमतात. कुणी म्हणतं, सगळे कन्डेन्सर बदलून टाका. कुणी म्हणतं, व्हॉल्व्ह गेला असणार. दोघांचंही अधूनमधून बरोबर निघतं, म्हणून तर हे सल्ले टिकून आहेत. पण सरसकट बदलाबदलीत मूळ बिघाड बऱ्याचदा तसाच राहतो. वर एखादी वायर भलत्या टॅगला सोल्डर होते, साठ-सत्तर वर्षांचा ठिसूळ व्हॉल्व्ह बेस तडकतो, आयएफ ट्रान्सफॉर्मरची केसाएवढी तार तुटते. या वस्तू आता सहज मिळत नाहीत. म्हणून आधी आवाज कुठे अडला ते शोधावं आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापवावं, अशा मताचा मी आहे.

त्यासाठी नुसता मल्टिमीटर पुरत नाही. समजा, ट्रायोडच्या प्लेटकडून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कन्डेन्सर आतून ओपन झाला आहे. रेडिओ ठार मुका होईल, पण मल्टिमीटरवर प्लेट, स्क्रीन, कॅथोड सगळीकडे व्होल्टेज अगदी कोष्टकाप्रमाणे दिसेल. व्हॉल्व्हला वीज पोचते की नाही, एवढंच मीटर सांगतो. रेडिओचा कार्यक्रम एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जातो का, हे कानानेच ऐकावं लागतं. त्यासाठीचं उपकरण म्हणजे सिग्नल ट्रेसर. अमेरिकेत जॉन रायडर यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस या पद्धतीचा जोरात पुरस्कार केला. १९३९ साली त्यांनी त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या नावाचं ‘चॅनलिस्ट’ हे मोठं यंत्र आरसीए कंपनी विकत असे. त्या यंत्रात पुष्कळ व्हॉल्व्ह आणि मॅजिक आय होते. आपलं काम एका आयसीत, एका एफईटीत आणि सहा पेन्सिल सेलमध्ये भागतं.

ट्रेसरचे भाग तीन: प्रोब, खूप गेन असलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. सामान पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळावं.

अ‍ॅम्प्लिफायरसाठी एलएम ३८६ ही आठ पायांची आयसी घ्या. पाय २ आणि ४ ग्राउंडला, ६ बॅटरीच्या प्लसला, इनपुट पाय ३ वर, आउटपुट पाय ५ वर. पाय ५ पासून २२० मायक्रोफॅरडच्या कन्डेन्सरमधून ८ ओहमच्या स्पीकरला जायचं. त्याच पायापासून ग्राउंडला १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड एकामागे एक लावायचे. ही जोडी नसली तर आयसी स्वतःच आवाज काढू लागते. पाय ७ पासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. पाय १ आणि ८ मोकळे ठेवले तर गेन २० मिळतो, त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरड जोडला तर २००. हा कन्डेन्सर एका छोट्या स्विचमधून जोडा, म्हणजे ‘कमी’ आणि ‘जास्त’ अशी सोय होते. पाय ६ च्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला लावा. त्यात कंजुषी केलीत, तर सेल थोडे उतरले की स्पीकरमधून मोटरबोटीसारखं फट-फट सुरू होतं.

ही आयसी एकटी चालणार नाही. तिचा इनपुट इम्पिडन्स ५० किलोओहमच्या आसपास असतो, आणि रेडिओतल्या ग्रिडचे टप्पे मेगओहमच्या हिशेबात चालतात. तिथे ५० किलोओहम टेकवले की जो आवाज ऐकायचा तोच दबतो. म्हणून पुढे एक एफईटी हवा. आपल्याकडे पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांतून बीएफडब्ल्यू १० आणि ११ यांनी पिढ्या पाहिल्या आहेत, दुकानदारालाही ते माहीत असतात. दोन्ही चालतात, पण नऊ व्होल्टला ११ जास्त मानवतो. इनपुट सॉकेटमधून सिग्नल १ मेगओहमच्या लॉग व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला आणा, खालचं टोक ग्राउंडला. मधल्या पायापासून १०० किलोओहममधून एफईटीच्या गेटला. गेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट लावा. प्रोब चुकून २५० व्होल्टच्या एचटीवर (व्हॉल्व्हच्या मुख्य डीसी पुरवठ्यावर) टेकला तर गेटला झटका बसू नये, ते काम या जोडीचं. ड्रेनला प्लस १०० ओहममधून द्या आणि तिथे ४७ मायक्रोफॅरड ग्राउंडला लावा. सोर्सपासून ग्राउंडला ३.३ किलोओहम. सोर्सवरून १ मायक्रोफॅरडमधून आयसीच्या पाय ३ कडे, आणि पाय ३ पासून ग्राउंडला १० किलोओहम. या एफईटीला चौथा पाय असतो, तो डब्याचा; तो ग्राउंड करायचा. सेल जोडल्यावर सोर्सवर दोन ते पाच व्होल्टच्या आसपास काही दिसलं की हा टप्पा जागेवर आहे असं समजा.

व्हॉल्यूम कंट्रोल एफईटीच्या आधी ठेवण्यामागे हेतू आहे. डिटेक्टरवर मिलिव्होल्टमध्ये सिग्नल असतो, तर आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटवर दहा-वीस व्होल्टच्या पुढचा. कंट्रोल नंतर ठेवला तर मोठा सिग्नल एफईटीतच फाटतो आणि रेडिओ चांगला असूनही तुम्हाला तो घोगरा वाटतो.

आता प्रोब. खरी कारागिरी इथेच लागते. एकाच प्रोबमध्ये स्विच बसवून आरएफ आणि ऑडिओ अशी दोन्ही कामं करणारी डिझाइन्स पुष्कळ आहेत. मला दोन वेगळे प्रोब बरे वाटतात, कारण हातातला बारकासा स्लाइड स्विच अडीचशे व्होल्टच्या शेजारी नको. ऑडिओचा प्रोब सोपा आहे: टोकाला ०.०१ मायक्रोफॅरड, त्यामागे ४७ किलोओहम, मग शील्डेड वायर. आरएफ प्रोबच्या टोकाला ४७ पिकोफॅरडचा सिरॅमिक कन्डेन्सर येतो. त्याच्या मागच्या टोकापासून शील्डला एक जर्मेनियम डायोड जातो आणि त्याच टोकापासून १०० किलोओहममधून वायरच्या आतल्या तारेला. डायोडची दिशा कोणतीही चालते. दोन्ही प्रोबमधले टोकाचे कन्डेन्सर १ किलोव्होल्टचेच घ्या. रेडिओ २५० व्होल्टचा असला तरी आउटपुट प्लेटवर सिग्नलची शिखरं एचटीच्या बरीच वर जातात. शिवाय ५वाय३ किंवा एझेड ४१ सारखा लवकर तापणारा रेक्टिफायर असला, तर बाकीचे व्हॉल्व्ह तापेपर्यंतच्या काही सेकंदांत एचटीसुद्धा चढलेलं असतं.

जर्मेनियम डायोड म्हणून ओए ७९, ओए ८१ किंवा १एन३४ए मागा आणि दुकानातच मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तपासून घ्या. ०.२ ते ०.३५ दाखवलं तर ठीक. ०.६ दाखवलं तर काचेचा चेहरा लावलेला सिलिकॉन आहे, अशक्त सिग्नलला तो दादच देणार नाही. भंगारातल्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत डिटेक्टरच्या जागी हा डायोड हमखास सापडतो.

प्रोबचं अंग म्हणून संपलेल्या मार्कर पेनाची नळी छान होते. आतले भाग बसवल्यावर त्यांच्याभोवती प्लॅस्टिकच्या थराबाहेरून तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून ती शील्डला सोल्डर करा, नाहीतर हाताची गुणगुण ऐकू येत राहते. पट्टीवर पुन्हा हीट श्रिंक चढवा. टोक म्हणून जाड शिवणाची सुई उत्तम. तिचा फक्त दोन-तीन मिलिमीटर भाग उघडा ठेवून बाकीच्यावर स्लीव्ह घाला. नोव्हल बेसच्या दोन पिनांमधलं अंतर इतकं कमी असतं, की उघडी सुई घसरून प्लेट आणि ग्रिड एकत्र झाल्या तर एका क्षणात व्हॉल्व्हचं वाटोळं होऊ शकतं.

पुढचा मजकूर घाईत असलात तरी वाचा. ज्या रेडिओत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, त्या एसी-डीसी सेटची चासी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले की सावध व्हा. त्यांचे हीटर १०० मिलिअँपिअरवर एका माळेत असतात. या चौघांची बेरीज १२६ व्होल्ट होते, उरलेले शंभरेक व्होल्ट ड्रॉपर रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जातात. प्लग उलटा बसला तर चासीवर पूर्ण २३० व्होल्ट. आणि रेडिओचा स्विच जर चासीच्याच तारेत असेल, तर प्लग सुलटा असूनही रेडिओ बंद केल्यावर हीटरच्या माळेतून चासी लाइव्ह होते. म्हणजे बंद रेडिओ हा चालू रेडिओपेक्षा घातक! ट्रेसरची क्रोकोडाइल क्लिप अशा चासीला लावली की ट्रेसरचं ग्राउंडही लाइव्ह झालं. म्हणून ट्रेसरची पेटी प्लॅस्टिकची, नॉब प्लॅस्टिकचे, सॉकेट प्लॅस्टिकचे आणि स्पीकरचे स्क्रू ग्राउंडपासून अलग. ट्रेसर सेलवरच चालवायचा, एलिमिनेटरवर नाही, तोही याचसाठी.

एसी-डीसी सेटवर काम करायचं तर २३० ला २३० चा, निदान १०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर करून घ्या. गावातला मोटर वाइंडिंगवाला बहुधा ट्रान्सफॉर्मरही गुंडाळून देतो. डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नव्हे, त्यात आतून एकच वाइंडिंग असतं. काम करताना एक हात खिशात ठेवावा, ही जुन्या मेकॅनिकांची सवय आजही तितकीच खरी आहे.

ट्रेसर तयार झाला की थेट बिघडलेल्या रेडिओकडे वळू नका. आधी चालता रेडिओ घ्या. शेजाऱ्याचा चालेल, शेजारी भला असेल तर. स्टेशन लावा, क्लिप चासीला, आणि एकेका टप्प्यावर प्रोब टेकवत ट्रेसरचा व्हॉल्यूम किती ठेवावा लागला ते लिहून ठेवा. डिटेक्टरवर किती, ट्रायोडच्या प्लेटवर किती, आउटपुट ग्रिडवर किती. हा एका पानाचा तक्ता ट्रेसरइतकाच मोलाचा. तो नसेल तर बिघडलेल्या सेटवर ऐकू येणारा क्षीण आवाज मुळातच क्षीण असायचा, की बिघाडाने झालाय, हे कळायला मार्ग नसतो.

बिघडलेल्या सेटला पहिल्यांदा वीज देताना १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे. तिथे ट्रेसरचं काम नाही, आधी एचटीचे फिल्टर कन्डेन्सर आणि रेक्टिफायर पाहा. क्षणभर पेटून मंदावला तर पुढे चला. हीटर पेटले, एचटी आलं, तरी आवाज नाही, इथून ट्रेसरची पाळी.

पहिला प्रोब रेडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला. सुपरहेट सेटचे जवळजवळ बरोबर दोन भाग इथे पडतात. सर्किटच्या चित्रात डावीकडे एरियल, मिक्सर, आयएफ, डिटेक्टर, उजवीकडे ऑडिओ. ऑडिओ प्रोब तिथे टेकवा आणि ट्युनिंगची गँग हळूहळू फिरवा. आकाशवाणी ऐकू आली तर अर्धा रेडिओ निर्दोष ठरला, बिघाड पुढे आहे. आली नाही तर मागे. एका स्पर्शात निम्मं काम होतं. एरियलपासून सुरुवात करून एकेक टप्पा पुढे जाणारे हौशी लोक पाहिले की मला गंमत वाटते, कारण एरियलवर हा साधा ट्रेसर काही ऐकवतच नाही. तिथला सिग्नल डायोडच्या आवाक्याबाहेरचा असतो. मग ‘एरियल कॉइल गेली’ असा निष्कर्ष निघतो आणि बिचारी चांगली कॉइल उकलली जाते.

बिघाड पुढच्या भागात असला तर ट्रायोडची ग्रिड, प्लेट, मग आउटपुट व्हॉल्व्हची ग्रिड आणि प्लेट असं जा. ईएल ८४ असेल तर ग्रिड पिन २ वर, प्लेट ७ वर. पिना खालून पाहताना, मोठ्या फटीपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायच्या. ट्रायोडच्या प्लेटवर खणखणीत आवाज आणि पिन २ वर शांतता, म्हणजे वर सांगितलेला कपलिंग कन्डेन्सर. आवाज दोन्हीकडे आहे पण फाटलेला आहे, तर पिन २ वर मल्टिमीटरने डीसी बघा. तिथे शून्य असायला हवं. एक व्होल्ट जरी प्लस दिसला तरी गडबड आहे. आता व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजा (एसी-डीसी सेटमध्ये हे करता येत नाही, एक व्हॉल्व्ह काढला की सगळी माळ विझते). व्होल्टेज राहिलं तर कन्डेन्सर गळतोय, गेलं तर व्हॉल्व्हमध्ये गॅस झालाय. कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या सेटमध्ये मेणाचा कागदी कन्डेन्सर असेल, तर मोजण्याआधीच माझा संशय त्याच्यावर असतो.

आउटपुट ग्रिडवर आवाज आहे, प्लेटवर नाही, आणि व्हॉल्व्हच्या आत जाळी लालबुंद दिसतेय, तर सेट ताबडतोब बंद करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटली आहे. प्लेटला एचटी मिळत नाही, सगळा करंट स्क्रीन ग्रिडवर येतो आणि तीच तापते. हा बिघाड जुन्या सेटमध्ये फार आढळतो.

मागच्या भागात आरएफ प्रोब घ्या. ईबीएफ ८९ च्या प्लेटवर, म्हणजे पिन ६ वर, जवळचं स्टेशन स्वच्छ ऐकू यायला हवं. ग्रिडवर, पिन २ ला, बरंच क्षीण. ईसीएच ८१ च्या प्लेटवर, पिन ६ ला, त्याहूनही नाजूक; गेन २०० वर टाका आणि एरियलला लांब तार जोडा. आयएफच्या वाइंडिंगवर प्रोब टेकवला की ४७ पिकोफॅरडमुळे ट्युनिंग थोडं सरकतं आणि रेडिओचा स्वतःचा आवाज पडतो. हा बिघाड नव्हे. फार पडत असेल तर सुई वायरच्या इन्सुलेशनला बाहेरून नुसती लावून ठेवा, तेवढी जवळीकही पुष्कळदा पुरते.

ऑसिलेटर मात्र या प्रोबने ऐकू येत नाही, कारण त्यावर बोलणंगाणं काहीच नसतं. त्यासाठी एक चालता ट्रान्झिस्टर रेडिओ शेजारी ठेवा. बिघडलेल्या सेटचा काटा मीडियम वेव्हवर ६०० किलोहर्ट्झला आणा. आयएफ ४५५ असेल तर त्याचा ऑसिलेटर १०५५ वर चालतो. ट्रान्झिस्टर १०५५ च्या आसपास एखाद्या मंद स्टेशनवर ठेवा आणि बिघडलेल्या सेटचा नॉब किंचित हलवा. शीळ चढ-उतार करत ऐकू आली तर ऑसिलेटर जिवंत. फिलिप्सच्या कित्येक सेटमध्ये आयएफ ४५२ असतो, जुन्या ब्रिटिश घडणीच्या सेटमध्ये ४६५ किंवा ४७०. मागच्या पुठ्ठ्यावर किंवा सर्किटमध्ये आकडा पाहून बेरीज करा. शीळ फक्त खालच्या टोकाला येत नसेल तर ईसीएच ८१ थकत चाललाय.

ट्रेसरचा आणखी एक उपयोग फारसा कुणी करत नाही. ऑडिओ प्रोब सरळ एचटीवर, आधी पहिल्या फिल्टर कन्डेन्सरला आणि मग दुसऱ्याला लावा. पहिल्यावर जाड गुणगुण असणारच. दुसऱ्यावरही ती तेवढीच असेल, तर दुसरा इलेक्ट्रोलिटिक सुकलाय. एचटीवर टेकवलेला प्रोब उचलल्यावर सुई आधी चासीला लावायची सवय ठेवा. टोकाच्या कन्डेन्सरमध्ये राहिलेला चार्ज जीव घेणार नाही, पण बोटाला चांगला चिमटा काढतो, आणि दचकलेला हात भलतीकडे जातो.

उरला तो सर्वांत छळवादी प्रकार: तासभर छान वाजणारा आणि मग अचानक खरखरणारा किंवा बसणारा सेट. तुम्ही मीटर घेऊन जवळ गेलात की नेमका बरा होतो. इथे ऑडिओ प्रोबच्या सुईला छोटी क्लिप जोडून तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला कायमचा लावा, रेडिओचा आणि ट्रेसरचा आवाज बेताचा ठेवा आणि आपल्या दुसऱ्या कामाला लागा. रेडिओ बसला तेव्हा ट्रेसर गातच राहिला, तर बिघाड ऑडिओत आहे. दोघंही एकदम खरखरले तर मागे जा. मिक्सर आणि आयएफ व्हॉल्व्हची पहिली ग्रिड एकेक करून ०.०१ मायक्रोफॅरडमधून ग्राउंड करा आणि तरीही खरखर राहते का ऐका. आयएफ व्हॉल्व्हची ग्रिड ग्राउंड असतानाही ती आली, तर तो व्हॉल्व्ह, त्याचा बेस किंवा पुढच्या आयएफ ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, यांपैकी एक. व्हॉल्व्हला पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच टकटक करा, बेसच्या पिना साफ करा. तरी खरखर थांबली नाही, तर ट्रान्सफॉर्मरचा डबा काढून भिंगाने पाहा. तार जिथे टॅगला सोल्डर केलेली असते, तिथेच बहुधा हिरवा गंज चढलेला दिसतो. तेवढा भाग कापून, पुरेशी तार शिल्लक असेल तर एक वेढा उलगडून, नव्याने सोल्डर केला की ट्रान्सफॉर्मर वाचतो. मग आयएफचे कोअर पुन्हा जुळवून घ्या.